मारबतीला तळटीप नाही

मुलांनो, तुमच्या थोरल्या ताईच्या गाण्याच्या सुरुवातीला जो गलका ऐकू येतो, त्यात एक आवाज माझा आहे. तो तिथे कसा गेला, ते क्रमाने सांगते.

पोळ्याच्या आठवड्यात तिचा फोन आला. तिच्या पंक बँडचं गाणं रेकॉर्ड व्हायचं होतं. गाणं इंग्रजी, पण धृपदात आपली पिवळी मारबत होती, आणि बँडमधली बाकीची मुलं नेमकी तीच ओळ काढायला निघाली होती.

"ड्रमर म्हणतो, ही पिवळी बाई इथे कुणाला कळणार? त्यापेक्षा ग्रीक पुराणातली एखादी देवी घालू."

"मग तू काय म्हणालीस?"

"मला तरी कुठे नीट सांगता येतं, आजी? बाबांच्या खांद्यावरून एकदाच पाहिली. तू कॉलेजात इंग्रजी शिकवायचीस ना, एक तळटीप लिहून दे. नाहीतर रविवारी ओळ जाणार."

ओळ जाऊ द्यायची नाही, हे मी फोन ठेवतानाच ठरवलं.

आधी गाणं ऐकलं. पहिल्यांदा कुकर आणि मिक्सर एकदम लागल्यासारखं वाटलं. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर शब्द सुटे झाले. परक्या शहरातलं घरभाडं, ओल धरलेली भिंत, अंगावर काढलेला ताप. एकेकाचं नाव घेऊन पोरगी ओरडते आणि मारबतीला म्हणते, घेऊन जा. मग तळटीप लिहिली: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात बांबू-कागदाची ही अवाढव्य बाई मिरवतात, गावाची इडापिडा तिच्याबरोबर धाडतात आणि शेवटी तिला जाळतात. सगळं बरोबर होतं. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते, आणि ओळ तरीही गेली असती.

म्हणून मारबतीच्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून इतवारीत गेले. ऑटोवाल्याने गर्दीच्या अलीकडेच उतरवलं. लेकराला कडेवर घेतलेल्या एका बाईने मला बंद दुकानाच्या पायरीवर जागा दिली.

"काहून आल्या जी आजी एवढ्या गर्दीत? टीव्हीवर दाखवून राहिले ना."

"नातीच्या गाण्यासाठी आवाज भरून न्यायचा आहे."

"भजन म्हणते का?"

"नाही. बोंबा मारते."

"मग बराबर जागी आल्या."

तेवढ्यात माणसांच्या डोक्यांवरून पिवळी मारबत डुलत आली. लोक महागाईचं, डेंग्यूचं नाव घेत होते. मी नुसता फोन उंच धरून उभी.

"फोनच धरून राहता का? तुमचंही काही द्या ना तिले," बाई म्हणाली.

माझ्या वर्गात कुणी आवाज चढवला नाही, मीसुद्धा नाही. पण त्या पायरीवरून मी ताईचं कडवं मराठीत ओरडले. "घरभाडं!" आणि समोरची सगळी गल्ली म्हणाली, "घेऊन जा गे मारबत!" ओल आलेली भिंत, अंगावर काढलेला ताप, सगळं त्यांनी ओळीने तिच्या हवाली केलं. कोणाची भिंत, कुठला ताप, कुणी विचारलं नाही.

तेवढंच रेकॉर्डिंग मी पाठवलं, तळटीप पाठवली नाही. रविवारी ताईचा निरोप आला: ओळ राहिली, आणि ड्रमर 'गे' म्हणायला शिकतोय.

तळटीप अजून माझ्याकडे आहे. तुम्हीही मागू नका, मिळणार नाही. पोळ्याला या.