मशीनमधून गेलेली माशांची पाटी

मिठबावच्या मासळीबाजारात हिरा कोळंबीचे वाटे लावत बसली होती, तेव्हा सुगंधा येऊन तिच्यासमोर उभी राहिली. अंगावर नोकरीचा गणवेश तसाच, डोळे सुजलेले. एसटीतून उतरून ती घरीसुद्धा गेली नव्हती.

"काय गो चेडवा, अशी अवचित?"

सुगंधा ही हिराच्या बहिणीची मुलगी. आई लहानपणीच गेली, बापाने देवबागला दुसरा संसार मांडला, आणि हिरामावशीने तिला आपल्या नितेशच्या बरोबरीने वाढवलं. दोघं एका ताटात जेवली. पुढे लांबच्या शहरात, विमानतळावर प्रवाशांची तपासणी करणाऱ्या एका खाजगी कंपनीत सुगंधाला नोकरी लागली. २००३ साली तिनेच शब्द टाकून नितेशला तिथे चिकटवलं. त्याला वर्ष होत आलं होतं.

"मावशे," सुगंधा म्हणाली, "नितेशाक पोलिसांनी धरल्यानी. चोरी केल्यान. आणि तेचा नाव मीच सांगलंय."

आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या.

झालं होतं असं. आदल्या दिवशी एक म्हातारी बाई लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघाली होती. गळ्यातली सोन्याची साखळी तिने सांगितल्याप्रमाणे ट्रेमध्ये काढून ठेवली आणि ती सुगंधाकडे झडतीला आली. म्हातारीच्या खांद्यावरून सुगंधाला समोरचं मशीन दिसत होतं. ट्रे बाहेर आला, नितेश वाकला, बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं आणि उठला. ट्रे रिकामा होता. म्हातारी रडायला लागली तेव्हा साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, "कोणी काही पाहिलं?" सगळ्यांच्या माना खाली. नितेशने सुगंधाकडे पाहिलं. लहानपणी आंबे पाडताना पकडला गेला की पाहायचा, तसंच.

"साहेब, मी पाहिलं," सुगंधा म्हणाली. "नितेशच्या बुटात आहे."

हे सगळं तिने भरबाजारात मावशीला सांगितलं. आता मावशी थोबाडीत मारेल, शिव्याशाप देईल, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे मावशीच्या कानावर जाऊ नये, एवढ्यासाठीच ती रात्रभर प्रवास करून आली होती.

हिराने एकच विचारलं, "तुया सोताच्या डोळ्यांनी बघलंस?"

"होय."

हिराच्या मनगटावर सोनेरी घड्याळ होतं, नितेशने गणपतीत आणून दिलेलं. तिला वेळ कळत नव्हती, पण बाजारात वाटे लावताना ते चमकलं की बरं वाटायचं. तिने ते काढलं, पदराला पुसलं आणि कनवटीला लावलं. मग शेजारच्या जानकीला म्हणाली, "माझे वाटे तू इक." आणि पाटी उचलून घराकडे चालू लागली.

घरात तिने ट्रंक उघडली. नितेश सुट्टीला आला की काही ना काही आणायचा. लोक विमानतळावर वस्तू विसरून जातात, त्या आम्हाला स्वस्तात मिळतात, असं सांगायचा. कॅमेरा, दोन मोबाइल, अत्तराच्या बाटल्या, चांदीचा लायटर, उन्हाचा चष्मा. हिराने एकेक वस्तू पाटीत ठेवली, शेवटी कनवटीचं घड्याळही. तिचा नवरा आबा जाळं विणता विणता उठून आला आणि रडू लागला.

"अगो, कोणाक कळाचा नाय. समुद्रात टाक नायतर. झिलाक आणखी कित्याक अडकवतंस?"

"कोणाक कळाचा नाय? माका कळला मा!" हिरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या दारावर पहारेकऱ्याने तिला अडवलं. काठाची जुनी साडी, डोक्यावर कापड बांधलेली पाटी, कितीही धुतली तरी माशांचा वास. सोबत आलेल्या सुगंधाने साहेबांना निरोप पाठवला, आणि आत येणारी प्रत्येक वस्तू तपासायची या नियमाने हिराची पाटी मशीनच्या पट्ट्यावर चढली. याच मशीनवर नितेश बसायचा.

सुगंधा पडद्यासमोर उभी होती. पाटीच्या वेताची पुसट जाळी उमटली आणि तिच्या आत निळ्या रंगात कॅमेरा, घड्याळ, लायटर, मोबाइल एकामागून एक उजळत गेले. तिने त्या पडद्यावर हजारो बॅगा पाहिल्या होत्या, पण माणूस आपल्या घराची लाज आपल्या हाताने पट्ट्यावर ठेवतो, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

जबाबासाठी नितेशला साहेबांच्या खोलीत आणलं होतं. आईला पाहून तो भिंतीकडे वळला. हिराने पाटी टेबलावर ठेवली.

"ह्या माझ्या घरात होता. माझा न्हय."

साहेब उठून उभे राहिले. "बाई, तुम्ही कशाला आलात? तुमच्या मुलाची चूक आम्हाला समजली आहे. प्रकरण त्याच्यापुरतंच मिटेल."

"मिटात कसा?" हिरा म्हणाली. "सायबा, आमच्याकडे रापण, मोठा जाळा, किनाऱ्यावर ओढतत. एकट्या माणसान रापण ओढूची नाय, आणि जो दोरीक हात लावता, तेका वाटो मिळता. ह्यो माझ्या झिलाचो वाटो. बाकीच्यांचो खंय आसा?"

नितेशची पाळी सांभाळणारा गुरुदास दाराशी उभा होता. तो खिशातला रुमाल काढून कपाळ पुसू लागला. तोवर कुणाचंच नाव न घेतलेल्या नितेशने मान वळवली. आईचं रिकामं मनगट त्याला दिसलं असावं.

"आये, सांगतंय," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. मोठ्या वस्तू गुरुदासकडे जायच्या. तो बघणाऱ्यांनाही वाटा द्यायचा, म्हणून कुणीच काही बघत नसे.

चौघांवर खटला झाला, नितेशलाही सजा झाली. सुगंधाची नोकरी राहिली, पण पुढे कित्येक महिने डबा खायला तिच्याजवळ कुणी बसत नसे. म्हातारीची साखळी परत मिळाली. पाटीतल्या वस्तूंचे धनी बहुतेक सापडलेच नाहीत.

नितेश सुटून आला तेव्हा सुगंधा मुद्दाम रजा काढून मिठबावला गेली. गावात कुजबुज सुरू होण्याआधीच, भरल्या बाजारात, गिऱ्हाइकाला बांगडे मोजून देता देता हिरा मोठ्याने म्हणाली, "माझो झील तुरुंगातसून इलो हां काल. कोणाक काय इचारूचा आसात तर माका इचारा. तेका जेवूक देवा."

गिऱ्हाइकाने बांगडे पिशवीत टाकले.

परतीच्या वाटेवर सुगंधाने धीर केला. "मावशे, तुका माझो राग येवक नाय?"

"इलो तर! अजून येता मधी मधी," हिरा पाटी सावरत म्हणाली. "पण माका राग इलो म्हणान तू खोटी होतलंस काय?"

एवढं बोलून ती झपझप पुढे गेली. घरी नितेश तिच्यासाठी जेवायचा थांबला होता.