कचेरीच्या अंगणात आई

"वाक अजून. अस्वल काय ताठ चालतं?"

कारकून बोलला आणि कचेरीच्या ओट्यावरचे सगळे हसले. खाली अंगणात माझी आई होती. हातापायांवर. पाठीवर आम्हीच विणलेलं इरलं. वैशाखातली दुपार, दगड तापलेले. तिचे तळवे भाजत होते. ती चालत होती.

मी बाजूला उभी. लग्नाच्या वयाची, धडधाकट. गप्प.

आम्ही खोडाळ्याकडच्या पाड्यावरच्या. बाप नव्हता. बांबूच्या कामट्या विणायच्या, मध्ये पळसाची पानं भरायची, इरली करायची. लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर पाऊस झेलतं, ते इरलं. त्यावर आमची चूल. पण बांबू उन्हाळ्यात घ्यावा लागतो, माल खपतो पावसाच्या तोंडावर. मधल्या दिवसांत खायचं काय? म्हणून दुकानदार बांबू द्यायचा, कण्या द्यायचा आणि सगळी इरली तो म्हणेल त्या दरानं उचलायचा.

त्या साली खोडाळ्याच्या बाजारात दवंडी झाली. हातानं माल करणाऱ्यांना जव्हार संस्थानचा दरबार भांडवल देणार. आई म्हणाली, "बाय, जव्हारला जाव. राजाचा शब्द हाय." मोखाड्यावरून चालत गेलो. नमुन्याला सगळ्यात चांगलं इरलं घेतलं.

कारकुनानं आधी आमच्याकडून त्याच्या घरचं अंगण सारवून घेतलं. पाणी भरून घेतलं. मग कचेरीत आल्यावर म्हणाला, "गळत नाही कशावरून? घाल." शिपायानं वरून घागर ओतली. आई कोरडी राहिली. ते त्याला रुचलं नाही.

"आता चाल. अस्वलागत."

मी पुढे झाले. इरल्याखालून आई पुटपुटली, "गप रव्ह, बाय. काम होवं दे."

तिनं अंगणभर फेरी मारली. गुडघे सोलले. कारकुनानं जांभई दिली. "जामीन कोण? जमीनवाला पाहिजे, नाहीतर दुकानवाला."

"मी राहतो की," ओट्यावरून एक जण म्हणाला. "माल मात्र सगळा माझ्याकडेच घालायचा."

आमचाच दुकानदार. मघापासून तोही हसत होता.

तेव्हा माझं डोकं फिरलं. भांडवल आमच्या नावानं निघणार होतं आणि आम्ही होतो तिथंच राहणार होतो, त्याच्या दारात. आई तरी हात जोडून म्हणत होती, "चालंल, शेट. चालंल."

मी इरलं ओढून काढलं. "ऊठ, आये."

"अगं, काम..."

"नको आपल्याला."

कारकून मागून ओरडला, "जंगल दरबारचं आहे. आता बांबूला हात लावून बघ!"

थोड्याच दिवसांत कचेरीचे शिपाई पाड्यावर आले. कामट्या, तयार इरली, सगळं अंगणात रचलं आणि पेटवलं. आई आगीत हात घालायला धावली. शिपायानं तिला लाथ घातली. त्या पावसाळ्यात इरली विणणाऱ्या आमच्याच पाठी उघड्या होत्या. आईनं दुसऱ्याच्या शेतात भिजत लावणी केली. श्रावणात तापानं गेली. शेवटपर्यंत मलाच म्हणत राहिली, "तू गप रव्हली असती तं..."

मी गप्प राहिले नाही, याचं मला आजही दुःख नाही. आई गेली, याचं आहे.

सुगी झाल्यावर विणणाऱ्या बायकांच्या दारोदार गेले. माझ्या घरात धान्याची एक कणगी ठेवली. प्रत्येकीनं त्यात नागली घातली. उन्हाळ्यात विणणारी त्यातून खाणार. जामीन नाही. बांबू शेतकऱ्यांच्या बांधावरचा, इरल्याच्या बदल्यात. काही जणी घाबरून दुकानदाराकडेच गेल्या. बाकीच्या राहिल्या.

दुकानदारानं माणूस पाठवला. "झालं गेलं विसरा म्हणतात शेट."

कामट्या काढायचा कोयता खाली न ठेवता मी सांगितलं, "माझी आई मेली, म्हणावं. आणि भाव आता आम्ही सांगणार."

पुन्हा जाळतील, ठाऊक आहे. आम्ही पुन्हा विणू. पण या पाड्यावरची एकही बाई आता त्या अंगणात हात टेकायला जाणार नाही. निघालीच कुणी, तर वाटेत मी आडवी उभी असेन.