आबांचा खोकला

बुद्धिबळात मला हरवायला वजीर-बिजीर काही लागत नाही. एक खोकला पुरतो.

आमच्या आबांना, म्हणजे सासऱ्यांना, दारात खोकून मगच आत यायची सवय. सुनेला पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून! तो खोकला ऐकला की माझा हात डोक्याकडे जायचा आणि मी उभी राहायची. (हातात दुधाचं पातेलं असलं तरी. दोन पातेल्यांना तसेच पडून पोचे आले.)

सत्तर सालाच्या आसपास जळगावच्या क्लबात बायकांचे झटपट डाव भरले. अख्ख्या डावाला प्रत्येकीला पाचच मिनिटं. घड्याळावरचा लाल झेंडा पडला की हार! शेवटी उरलो मी आणि माझी धुळ्याला दिलेली नणंद, शकू. जिंकेल ती पुण्याच्या स्पर्धेला जाणार. मी आमच्या अख्ख्या मेहरूण वस्तीत सांगून मोकळी झाले होते, पुण्याहून कुणाला काय आणायचं त्याची यादीही केली होती.

डाव अगदी माझ्या मुठीत आला. शकू घामाघूम. आता वजिराची एक चाल आणि मात! माझे दहा सेकंद उरले होते. मी वजीर उचलला, आणि दारात खोकला आला.

सुनेचा डाव बघायला आबा मुद्दाम आले होते. मी वजिरासकट उभी राहिले, पदर ओढायला गेले, तर वजीर पदरात अडकला. शकू हललीसुद्धा नाही. ती लेक, तिला कसला पदर?

"बस माय, खेय. मी काय परका शे?" आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

मी बसेपर्यंत झेंडा पडला होता. मला रडूच आलं. आबा मात्र पंचांशी भांडायला उठले.

"सून मान देई ऱ्हायनी, तो टाईम बी मोजतस का तुम्ही?"

पंचांनी हात जोडले आणि डाव पुन्हा लावला. आबा आपण होऊन रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले. मी पदर चार पिनांनी डोक्यावर पक्का केला. पुन्हा डाव माझाच! तेवढ्यात पंचांना ठसका लागला.

पदर जागचा हलला नाही. मी मात्र ताडकन उभी. गुडघा टेबलाला लागला, पट उलटला आणि माझा राजा थेट शकूच्या मांडीवर जाऊन पडला. राजा आडवा पडला म्हणजे हार मानली! आता पंच तरी काय करणार?

शकू पुण्याला गेली आणि पहिल्याच फेरीत हरून आली. माझ्या यादीतलं सगळं मात्र आठवणीनं घेऊन आली. मी विचारलं, एवढ्या लवकर कशी गं हरलीस?

"काय करू वहिनी," ती म्हणाली, "तिथं कुणी खोकलंच नाही!"