चालतंय त्याला हात लावायचा न्हाई

वडिवळ्याचा तो सॉफ्टवेअरवाला दर शनिवारी आमच्या शाळेच्या ऑफिसात येतो, चहा घेतो आणि मला शिकवतो. मी इथली क्लार्क. आमचा जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला होता, तेव्हा त्यानेच त्यावर विंडोज काढून लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम टाकली आणि तो पुन्हा उभा केला.

त्याची मतं ठाम. "मॅडम, माउस लय वेळ खातो. बोटं कीबोर्डावरच पायजेत." स्क्रीनवर काही इंग्रजी उगवलं की मी घाबरून ते बंद करते. मग तो ओरडतो, "आदी वाचा तरी! काय झालंय ते मशीन सांगतंय, तुमीच ऐकत न्हाई." आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, चालतंय त्याला हात लावायचा न्हाई.

एका शनिवारी त्याला स्क्रीनवर नवं अपडेट दिसलं. "पाच मिनिटं फक्त," म्हणाला. पाचव्या मिनिटाला प्रिंटर मुका झाला.

सोमवारी दहावीची मुलं दाखल्यांसाठी रांगेत उभी. तो सकाळीच आला, कोरे फॉर्म मागितले आणि दुपारपर्यंत टपोऱ्या अक्षरात एकेक दाखला हाताने लिहीत बसला. कागदाचे दिवस संपले म्हणणारा माणूस! मुलांनी विचारलं, तर म्हणाला, "मशीनची काय चूक न्हाई. माझी हाय."

मंगळवारी त्याने प्रिंटर चालू केला, अपडेटला लागणारा पासवर्ड मला त्याच्या नकळत बदलायला लावला आणि प्रिंटरवर चिठ्ठी डकवली: "हितं कुणी अपडेट करू नये. मी पासवर्ड मागितला, तर मलाबी देऊ नये."

गेल्या शनिवारी त्याने पासवर्ड मागितला. मी चहा दिला.