उजवीकडून डावीकडे वाचायची ओळ

एपीएल नावाची संगणकाची एक भाषा होती. अंबडच्या आमच्या कारखान्यात ती एकट्या मला यायची. शेवटी मलाही येईनाशी झाली.

तिच्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. बाण, त्रिकोण, गोळे अशी चिन्हं, आणि ओळ वाचायची उजवीकडून डावीकडे. पत्रा कसा कापला तर भंगार कमी निघेल, हे सांगणारा प्रोग्रॅम मी नव्वदच्या सुमारास तिच्यात लिहिला. दुसऱ्याला पानभर लागलं असतं, ते मी एका ओळीत बसवलं. त्याचा माज एवढा, की शेजारी खुलाशाचं एक अक्षरही लिहिलं नाही.

दहाएक वर्षांनी नवी सिस्टीम आली. मॅनेजर म्हणाले, "ही ओळ नव्या पोरांना समजावून द्या, मग तुम्हीही त्यांच्यासोबत नव्या सिस्टीमवर. नाहीतर मला तुम्हाला स्टोअरला बसवावं लागेल."

रविवारी इंदिरानगरच्या घरी कागद पसरून बसलो. दुपार झाली तरी काही उमगेना.

"अहो, तुम्हीच लिहिलंय ना हे?" बायको म्हणाली.

"मीच."

"मग तेव्हा काय म्हणायचं होतं तुम्हाला?"

"तेच आठवत नाहीये."

"लग्नाआधी पत्रंसुद्धा अशीच लिहायचात," म्हणत तिने ताट त्या कागदावरच ठेवलं.

संध्याकाळी कळलं. मधली चार चिन्हं प्रत्येक पत्र्याची चार बोटं रुंद कड सोडून देत होती, कारण जुन्या मशीनला पत्रा धरायला तेवढी जागा लागायची. ते मशीन केव्हाच विकलं होतं. नवं थेट कडेपर्यंत कापायचं. म्हणजे भंगार वाचवणारा माझा प्रोग्रॅम इतकी वर्षं रोज भंगार काढत होता, आणि ओळ कोणाला वाचताच येत नसल्यामुळे कोणी काही विचारलं नव्हतं.

सोमवारी मॅनेजरांना आणि नव्या पोरांना सगळं सांगितलं. मॅनेजरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे इतकी वर्षं?"

"हो."

पोरं हसली असती तर बरं वाटलं असतं.

ओळ समजावून दिली होती, तरी मला स्टोअरलाच बसवलं. काही महिन्यांनी गिरणारे गावाहून कामाला येणारे, पत्रा कापणारे मामा खिडकीशी आले.

"साहेब, त्या बारीक पट्ट्या आता निघत नाय का?"

"नाही."

"लय कामाच्या व्हत्या. भंगाराच्या भावात मिळायच्या. आमच्या गावात कोंबड्यांची खुराडी, गोठ्याची दारं, समदं त्याच पट्ट्यांचं हाय. कोणी बंद केल्या?"

"मीच."

मामांनी खिडकीच्या कठड्यावर हात टेकले.

"कशापायी पण, साहेब?"