हिमोग्लोबिन उतरल्याचे पेढे

माझ्या थोरल्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा निघाला, तर मी मिशा उतरवून देईन. देवळात गेले तरी ते मूर्तीकडे 'हे इथं काय करताहेत?' अशाच नजरेनं बघतात. धुळ्यात त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. तीस-पस्तीस वर्षं लोकांचं आतलं बघितल्यामुळे असेल, पण वरवरच्या कशावरच त्यांचा भरवसा उरला नाही. दूधवाला 'गायीचं शे' म्हणाला, की हे विचारणार, "गाय कोठे शे?" माझं लग्न ठरलं तेव्हा हे मला बघायला आले आणि चहाच्या आधी माझ्या नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते बघत बसले. "सूज नही," असं सासऱ्यांना सांगितलं, मगच कप उचलला.

पण त्यांचा खरा दात पांढऱ्या पेशींवर. या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, असं आपण शाळेत घोकलेलं. साडू म्हणतात, "कसले शिपाई! गावात चोर शिरला म्हणून येतात आणि चोर सापडो न सापडो, आधी लोकांची दारं मोडतात." मग समोरचा जेवत असला तरी त्याला समजावतात, की या पेशी कसली कसली रसायनं सोडतात, त्यानं बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींचे सांधे सैल होतात आणि रक्तातलं पाणी बाहेर पाझरतं. गांधीलमाशी चावली की गाल फुगतो, तो असाच. "गालापुरतं ठीक शे, भाऊ. बठ्ठ्या अंगात, डोक्यापासून पायापर्यंत सुरू झालं म्हंजे?" एवढं बोलून ते शांतपणे ताक मागतात. समोरच्याचा घास घशात अडकलेला असतो.

गेल्या वर्षी माझ्या बायकोला डेंगी झाला. पाचोऱ्याहून तिला जळगावच्या दवाखान्यात हलवलं. सगळा गोतावळा प्लेटलेटच्या आकड्याला डोळे लावून बसलेला. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि रिपोर्टात हिमोग्लोबिन साडेचौदा! जन्मात जिचं अकराच्या वर गेलं नाही, तिचं साडेचौदा! बीट-डाळिंबाचा रस मीच पाजला होता, त्यामुळे माझी छाती अशी फुगली की विचारू नका. घरी न्यायची परवानगी मागायची ठरवून मी सगळ्यांना फोन लावले. साडूंनाही लावला.

त्यांनी मला आकडा दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, "रक्त चढवलं का?"

"नाही, आबा."

"मंग हिमोग्लोबिन वाढनं कसं? पानी कोठे गयं?"

माझं डोकंच सणकलं. "आबा, पाच दिवसांनी घरात कुणी हसलंय. तुमचा संशय तिकडे धुळ्यातच ठेवा!" असं म्हणून मी फोन ठेवला.

दोन तासांत हे दारात हजर. मी पिशवी भरत होतो. माझ्याकडे न बघता त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. तो गार होता. पोट दुखतंय म्हणाली. लघवी सकाळपासून नाही. ताप गेल्यानं झोप लागतेय, असं मी समजत होतो, ती खरं तर ग्लानी होती. साडू असे ओरडले, की डॉक्टर धावत आले. डेंगीत ताप उतरतो, नेमक्या त्याच वेळी वाहिन्या गळू लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. पाणी निघून जातं, लाल पेशी आत राहतात, रक्त दाट होतं आणि कागदावर आकडा वाढलेला दिसतो. रस्त्यात असतो तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

पुढे दोन दिवस सलाईन. साडूंचा सलाईनवरही संशय. पाझरलेलं पाणी माघारी यायला लागलं की जास्तीचं सलाईन छातीवर बसतं, म्हणून ते खुर्ची ओढून थेंब मोजत बसले. तिसऱ्या सकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन अकरा. साडू उठून बाहेर गेले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "आमच्या पेशंटचं हिमोग्लोबिन उतरलं!" म्हणत त्यांनी वॉर्डभर पेढे वाटले. शेजारच्या खाटेजवळच्या अक्कांनी पेढा घेतला, पण आमच्यापासून स्टूल जरा लांब सरकवलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "मी काही शहाना नही, भाऊ. मी घाबरी गयथू." आणि तोंड फिरवून डोळे पुसले. इतकी वर्षं ज्याला मी संशय म्हणत आलो, ती या माणसाची माया होती हो!

आता लॅब बंद आहे. परवा त्यांचा फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, डॉक्टर काळजी नको म्हणतात, पण यांचा कुणावर भरवसा नाही. "तुम्ही या. कागद वाचा, मंग मी सही करसू."

नुसता आकडा बघून ह्यांच्या मेव्हणीला मरणाच्या दारात न्यायला निघालेला मी, आणि कागद वाचायला त्यांना मीच हवा होतो. "आलोच, आबा," एवढंच म्हणता आलं.