तलवारीची विळी

काशीत, दूधविनायक मोहल्ल्यात माझ्या चुलतसासूबाईंची, पद्माकाकूंची कोशिंबीर म्हणजे बोलायचं कामच नाही! काकडी अशी बारीक चोचवत की माणसं पानावर वाकून बघत. पण कौतुक व्हायचं ते विळीचं. पूर्वजांची तलवार मोडली, तिच्या तुकड्याचं हे पातं केलं, असं घरात सांगत. मुशीत वितळवलेलं जुनं पोलाद; चिंचेनं घासलं की त्यावर गंगेच्या लहरींसारखी नक्षी उमटे. मी तर पहिल्यांदा पाहून हातच जोडले. "पातं आहे म्हणून हिचं नाव आहे," असं काकूंच्या सासूबाई म्हणत, आणि काकूंनाही ते पटलेलं.

शेजारचा सुश्रुत युनिव्हर्सिटीत धातुशास्त्र शिकवतो. तो एकदा म्हणाला, "काकू, त्या काळी याला तोड नव्हती. पण आजचं साधं पोलादसुद्धा नीट पाणी दिलेलं, धार लावलेलं असलं तर मागे पडत नाही."

काकू उसळल्या, "तुझ्या युनिव्हर्सिटीत भोपळे चिरतात का रे?"

चौऱ्याण्णव सालची खंडेनवमी. त्या दिवशी घरातली हत्यारं, अवजारं पूजायची आणि एकदा पूजली की दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत. म्हणून काकू सगळं चिरून मगच विळी पूजेला देत. पण आमचे नरहरभावजी म्हणजे उत्साही प्राणी! पहाटेच उठून विळी चौरंगावर मांडली आणि हळदकुंकू वाहून मोकळे. दुपारी पंगत बसायची, आणि काकड्या टोपलीत!

"धन्य आहे तुमची!" मी भावजींना म्हटलं.

काकूंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. "आज माझी अब्रू गेली गं, नीरजा."

मी चौकातल्या दुकानातून साधी विळी आणली. काकू बसल्या. पहिल्या फोडी जाड पडल्या. मग हाताला लय सापडली. धार मंदावली की पायरीच्या दगडावर पातं घासत आणि पुन्हा बसत. जुन्या विळीला एवढं घासावं लागत नसे, हे खरं. पण परातीत पडत होतं ते अगदी तस्संच! मी आ वासून बघत राहिले, आमटी उतू गेली तरी कळलं नाही.

पंगतीला आलेल्या वेणीमाधवशास्त्र्यांनी कोशिंबीर चिमटीत धरून पाहिली. "वा! तलवारीच्या पात्याची सर कशाला नाही!"

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. जन्मात कधी पंगतीसमोर बोलली नव्हती ही बाई.

"शास्त्रीबुवा, ती विळी देवापुढे आहे. हे मी चिरलंय."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

आणि काकू विचारतात, "वाढू अजून?"